फुकट मिळणारी, रोज उपयोगी पडणारी संगणकाची अवजारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी मी एका टेबलापाशी बसतो. ज्याला संगणकाची अडचण असेल तो लॅपटॉप काखेत मारून येतो. कोणाला एक-चौदाचा (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचा) उतारा कुठे ठेवला ते सापडत नसतं, कोणाचा फोटो फॉर्मवर चढत नसतो, कोणाचा पेनड्राइव्ह उघडत नसतो. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. बहुतेक मजकूर विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहे. यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर मी स्वतः वापरलेलं आहे, ऐकीव काही नाही.

फुकट म्हणजे खरंच फुकट? मग ते बनवणारे जगतात कशावर?

आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथे उपयोगी पडतात. इरफानव्ह्यू हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण मुक्त नाही. बोस्नियाहून व्हिएन्नाला शिकायला गेलेल्या इरफान श्किल्यान यांनी ते १९९६ मध्ये बाहेर आणलं. घरी वापरायला पैसे पडत नाहीत. दुकानात किंवा ऑफिसात वापरायचं तर परवाना विकत घ्यावा लागतो. व्हिडिओ बघायचं व्हीएलसी आणि लेखनाचं लिबरऑफिस मात्र मुक्त आहेत. त्यांचा मूळ कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा. धंद्यात वापरलं तरी कोणी पैसे मागायला येत नाही.

व्हीएलसीची गोष्ट मला फार आवडते. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या इंजिनियरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. कॉलेजच्या नेटवर्कवरून व्हिडिओ बघता यावा एवढीच त्यांची गरज होती. २००१ मध्ये त्यांनी तो सगळ्या जगासाठी मोकळा केला. आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था देणग्यांवर तो चालवते, आणि त्यात जाहिराती घालण्यासाठी आलेले मोठ्या पैशांचे प्रस्ताव तिने नाकारलेले आहेत. काही जण नोकरी सांभाळून रात्री कोड लिहितात, काहींना कंपन्या पगार देतात, काही जण फक्त देणगीची पेटी ठेवतात.

लबाडी ओळखायची माझी पद्धत साधी आहे. बनवणारा कोण आणि त्याला पैसे कुठून येतात, हे त्याच्या पानावर पाच मिनिटांत सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर मी ते घेत नाही.

उतरवून कुठून घ्यायचं? शोधलं की पन्नास ठिकाणं दिसतात.

बनवणाऱ्याच्या स्वतःच्या दारातून. ही एक गोष्ट पाळली तर निम्मी दुखणी टळतात.

माझ्या भाच्याने चवथीच्या सुट्टीत व्हीएलसी घ्यायला शोध मारला. पहिलं जे आलं ती जाहिरात होती, त्या पानावर मोठ्ठं हिरवं बटण होतं, ते त्याने दाबलं. व्हीएलसी आलं, व्यवस्थित चालूही लागलं, म्हणून त्याला संशय आला नाही. पण त्याच्यासोबत आणखी तीन पाहुणे आले होते. ब्राउझर उघडला की भलतंच पान यायचं, कोपऱ्यात सतत जाहिराती उघडायच्या, आणि एक ‘सफाईवाला’ संगणकात शेकडो बिघाड आहेत असं ओरडून पैसे मागायचा. ते सगळं उपटून काढायला माझी एक अख्खी दुपार गेली. बटणाकडे दहा सेकंद नीट पाहिलं असतं तर ती दुपार वाचली असती.

म्हणून पत्ते लिहून घ्या. व्हीएलसी: व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. ७-झिप: ७-झिप डॉट ऑर्ग, शेवटी डॉट कॉम नव्हे. एव्हरीथिंग: व्हॉइडटूल्स डॉट कॉम. लिबरऑफिस: लिबरऑफिस डॉट ऑर्ग. शोधात वर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं जे येतं ते सोडून खाली या. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटू नका. प्रत्येक चौकटीतल्या टिका वाचा आणि नको त्या काढा.

ब्राउझरमध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर घातलं की ही खोटी हिरवी बटणं दिसायचीच बंद होतात. रेमंड हिल यांनी ते २०१४ मध्ये आणलं. ते पूर्ण ताकदीने फायरफॉक्समध्ये चालतं. क्रोमने नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्तीच मिळते.

आलेली फाइल खरी आहे हे कसं कळणार?

फाइलवर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, डिजिटल सिग्नेचर्स या खणात सही कोणाची ते बघा. सही नसली म्हणजे खोटंच असंही नाही, कारण सहीच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात आणि एकट्यादुकट्या माणसाला ते परवडत नाहीत. शंका राहिली तर ती फाइल व्हायरसटोटलच्या पानावर चढवा. डझनावारी अँटिव्हायरस ती एकाच वेळी तपासतात. तिथे स्वतःचे खासगी कागद मात्र कधीच चढवू नका. चढवलेल्या फायली तपासणाऱ्या इतरांनाही मिळतात.

नव्या लॅपटॉपवर तुम्ही सगळ्यांत आधी काय घालता?

७-झिप, व्हीएलसी, सुमात्रा पीडीएफ, एव्हरीथिंग, इरफानव्ह्यू, लिबरऑफिस. याच क्रमाने. पाऊण तासाचं काम, आणि बहुतेक घरांना पुढे वर्षभर दुसरं काही लागत नाही.

७-झिप इगोर पावलोव्ह यांनी १९९९ मध्ये आणलं. अनेक फायली दाबून एकात बांधल्या की त्याची मोट होते; झिप, रार, ७झेड, सगळ्या मोटा ते सोडतं. कागदांची मोट पासवर्डने कुलूपबंदही करतं, आणि बँकेला किंवा वकिलांना मेलने काही पाठवताना मी तेच वापरतो. सुमात्रा पीडीएफ इतकं हलकं आहे की दहा वर्षांच्या जुन्या संगणकावरही पापणी लवायच्या आत उघडतं, आणि पुस्तक कुठल्या पानावर सोडलं होतं ते लक्षात ठेवतं. पण त्यात फॉर्म भरता येत नाही. सरकारी कागदावरची डिजिटल सही तपासायची असेल तेव्हा अडोबी रीडर लागतो, तोही फुकटच आहे.

एक-चौदा, घरपट्टीची पावती, मुलाचा दाखला… सगळं संगणकात आहे, पण सापडत नाही.

एव्हरीथिंग घाला. विंडोजचा स्वतःचा शोध गोल गोल फिरत बसतो, आणि हे तुम्ही तिसरं अक्षर लिहीपर्यंत फाइल समोर ठेवतं. गुपित असं : डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद विंडोज एका यादीत ठेवत असतं, तिला मास्टर फाइल टेबल म्हणतात. एव्हरीथिंग ती यादीच वाचतं. वाचनालयात पुस्तक शोधायला आपण कपाटं उपसत नाही, रजिस्टर बघतो, तसंच. दहा लाख फायलींची पहिली यादी करायला त्याला साधारण मिनिटभर लागतं.

ते एरवी फक्त नाव शोधतं, आतला मजकूर नाही. तेव्हा फायलींना नावं धड द्या. सरकारी पोर्टलवरून उतरलेल्या उताऱ्याचं नाव आकड्यांचं भेंडोळं असतं. ते तिथल्या तिथे बदलून ‘एकचौदा कुळागर २०२४’ असं करा. देवनागरीत लिहिलेलं नावही तितक्याच झटक्यात सापडतं. आमच्याकडे येणाऱ्या एका काकांनी एका बैठकीत दोनशे फायलींची नावं अशी बदलली. आता मामलेदार कचेरीतून फोन आला की ते तिथेच उभ्या उभ्या कागद काढून देतात.

फॉर्मवर फोटो चढत नाही. ‘५० केबीच्या आत हवा’ म्हणतो.

इरफानव्ह्यूमध्ये फोटो उघडा. कंट्रोल आणि आर दाबून आकार लहान करा. मग जेपीजी म्हणून सेव्ह करताना शेजारी एक छोटी चौकट उघडते, तिथे फाइल किती केबीची हवी तो आकडा टाकता येतो. शंभर फोटो एकदम लहान करायचे असतील तर नुसतं बी हे अक्षर दाबा, घाऊक कामाची खिडकी उघडते. ऑनलाइन ‘फोटो लहान करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी पानांवर आधारकार्ड चढवणारे लोक बघितले की मला काळजी वाटते. दोन मिनिटांचं काम आहे, घरातच करा.

आजोबांच्या वेळचे कागद स्कॅन करून ठेवायचे आहेत. पोर्तुगीज काळातलेही आहेत.

हे काम आजच सुरू करा, कारण आपल्या हवेत कागद टिकत नाही. नॅप्स-टू हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या. जवळपास कुठल्याही स्कॅनरशी ते बोलतं, पानं पुढेमागे करता येतात, आणि शेवटी एक पीडीएफ बनवून देतं. ३०० डीपीआय ठेवा, रंगीत ठेवा. जुन्या पातळ कागदाची मागची शाई पुढे उमटते. त्यासाठी पानाच्या पाठीमागे एक काळा जाड कागद ठेवून स्कॅन करा. किती फरक पडतो ते पहिल्याच पानावर दिसेल.

याच सॉफ्टवेअरमध्ये छापील अक्षरं ओळखायची सोय आहे. त्यामागे टेसरॅक्ट नावाचं इंजिन आहे. १९८० च्या दशकात ते एचपी कंपनीत जन्मलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. आधी भाषा उतरवून घ्यावी लागते. मराठीही आहे, पोर्तुगीजही आहे. स्वच्छ छापलेलं मराठी पान बऱ्यापैकी वाचलं जातं, जोडाक्षरांत चुका राहतात, त्या हाताने दुरुस्त करायच्या. टंकलेखन यंत्रावरचे पोर्तुगीज दस्त त्याने आमच्या अपेक्षेपेक्षा चांगले वाचले. हातानं लिहिलेलं मात्र त्याला वाचता येत नाही, मोडी तर नाहीच नाही. त्यासाठी जाणकार माणूसच हवा.

दोन-तीन पीडीएफ जोडून एक करायच्या आहेत.

पीडीएफसॅम बेसिक. किंवा नॅप्स-टूमध्येच त्या आत ओढा आणि एक म्हणून सेव्ह करा.

मराठी टाइप करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

कुठलंही नको, विंडोजमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये भाषा या विभागात मराठी जोडा. कोकणीही त्याच यादीत मिळेल. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की इंग्रजीवरून मराठीवर जाता येतं. दोन कीबोर्ड आहेत. फोनेटिकमध्ये आवाजाप्रमाणे रोमन अक्षरं मारायची, ते लगेच जमतं. दुसरा इनस्क्रिप्ट, आणि माझा सगळा जीव या दुसऱ्यावर आहे.

इनस्क्रिप्ट १९९१ मध्ये भारतीय मानकात आला. त्याची रचना बघा: स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म्हणजे बाराखडी लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. ‘मराठी’ हा शब्द घ्या. सीच्या कळीवर म, जेवर र, ईवर काना, शिफ्टसह अवतरणचिन्हाच्या कळीवर ठ, आरवर दुसरी वेलांटी. पाच चिन्हं, पाच ठोके. रोमन लिपीतून यायचं तर ‘ठ’ की ‘थ’ हे त्याला दर वेळी समजावत बसावं लागतं.

शिफ्टसह एन दाबलं की ळ. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र लोकांना अडतो : शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. आमच्या गावातल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्यांनी कळांवर अक्षरांच्या छोट्या चिठ्ठ्या चिकटवून महिनाभर रोज अर्धा तास सराव केला. आता त्या ओव्या टाइप करतात. घरच्या वहीत उतरवलेल्या तीनशेच्या वर ओव्या संगणकात आल्या आहेत. चिठ्ठ्या कधीच्या पडून गेल्या.

गुगलचं विंडोजवर ऑफलाइन चालणारं जुनं इनपुट टूल कंपनीने बंद केलं आहे. त्याच्या जुन्या प्रती कुठेकुठे मिळतात, त्या घेऊ नका.

मंडळाचं जुनं इतिवृत्त उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

ते जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी श्रीलिपी, कृतीदेव वगैरे फाँट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवत. तो फाँट संगणकात नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आधी मूळ फाँट कोणता ते शोधा, मग त्याच फाँटसाठी असलेलं रूपांतरक वापरून युनिकोडमध्ये आणा. दुसऱ्या फाँटचं रूपांतरक लावलंत तर शब्द आणखी बिघडतात. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा.

भजनाच्या जुन्या कॅसेटी आहेत. त्या संगणकात आणता येतील का?

येतात, आणि लवकर आणा. माझ्याकडे मामांच्या आवाजातल्या अभंगांची एक ९० मिनिटांची कॅसेट होती. मामा गेले, आणि कॅसेटवर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरायला लागली. त्या कॅसेटीमुळेच मी ऑडॅसिटी शिकलो. हे मुक्त सॉफ्टवेअर २००० सालापासून आहे.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून तार घेऊन संगणकाच्या लाइन-इनमध्ये घाला. नव्या लॅपटॉपला माइक आणि हेडफोन मिळून एकच छिद्र असतं, त्यात साधी तार चालत नाही. यूएसबीला लावायचं छोटं साउंडकार्ड बाजारात स्वस्तात मिळतं, ते घ्या. बुरशी दिसत असेल तर कॅसेट तशीच चालवू नका. हेडही खराब होतो आणि पुढची कॅसेटही. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. आवाजाची पट्टी लाल रंगाला टेकता कामा नये, उणे सहा डेसिबलच्या आसपास उंच टोकं राहू देत. घाई चालत नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटीला ९० मिनिटंच लागतात, ती ऐकतच बसायचं.

मग खरखर. सुरुवातीची दोन-तीन सेकंदं, जिथे कोणी गात नाही, नुसती टेपची खरखर आहे, तेवढीच निवडा. नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन तिचा नमुना घ्या. नंतर सगळी पट्टी निवडून तो लावा. तिथे खरखर किती डेसिबलने कमी करायची तो आकडा भरता येतो. मी तो सहावर ठेवतो. भजनात टाळ असतात, आणि टाळांचा आवाज खरखरीच्याच उंच पट्टीत राहतो. खरखर जास्त पुसायला गेलात तर आधी टाळ विझतात, मग गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटायला लागतं. थोडी खरखर राहू दे. मामांच्या कॅसेटीत दुसऱ्या अभंगाच्या आधी अंगणात कोणीतरी नारळ सोलत असल्याचा आवाज आहे, तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

मूळ ध्वनी वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, वाटायला एमपीथ्री बनवा. कॅसेट फेकू नका.

जत्रेतल्या नाटकाच्या डीव्हीडीचं काय?

व्हीएलसी ती उघडतं. फोनवर पाठवण्याइतकी लहान करायला हँडब्रेक. संवाद आणि ओठ जुळत नसतील तर व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळा दाबून आवाज मागेपुढे सरकवता येतो.

हार्ड डिस्क जाणार आहे हे आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. मला ते वेळेवर कळलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या नाट्यमंडळाचे बारा वर्षांचे फोटो एकाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर होते आणि ती डिस्क माझ्या ताब्यात होती. जुलैतल्या एका संध्याकाळी तिच्यातून बारीक टकटक ऐकू आली. मी ती काढली, पुन्हा लावली, फोल्डर उघडले, म्हणून हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी डिस्क दिसलीच नाही. लोकांच्या फोनवरून गोळा करून जेमतेम तिसरा हिस्सा फोटो परत मिळाले.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःबद्दल नोंदवलेली माहिती वाचून दाखवतं. प्रकृती ठीक असेल तर निळा रंग, सावध व्हायचं असेल तर पिवळा, संपलं असेल तर लाल. दोन ओळींवर नजर ठेवा: रीॲलोकेटेड सेक्टर्स, म्हणजे डिस्कने बाद करून बदललेल्या जागा, आणि करंट पेंडिंग सेक्टर्स, म्हणजे वाचायला अडखळणाऱ्या जागा. शून्य असेल तर उत्तम. आकडा महिन्यागणिक वाढत असेल तर नवी डिस्क आणा. पिवळा दिसला की त्याच बैठकीला सगळ्यांत मोलाचं आधी कॉपी करा, गाणी आणि सिनेमे शेवटी. तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करू नका, ती जितकी फिरेल तितकी लवकर जाईल. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयातल्या सगळ्या डिस्क तपासतो.

फोटो चुकून पुसले गेले. परत येतील?

पहिलं काम: त्या कार्डावर किंवा डिस्कवर काहीही नवं लिहू नका, एक फोटोसुद्धा काढू नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. नवं काही लिहिलं की ती खरोखर जाते.

कॅमेऱ्याच्या कार्डासाठी फोटोरेक. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मुक्त सॉफ्टवेअर दिसायला रुक्ष आहे, पण खिडकीवालं रूपही त्याच्याबरोबर येतं. सापडलेले फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवा. नावं परत मिळत नाहीत, एफ आणि पुढे आकडे अशी येतात, मग बसून निवडायचे. लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून (न फिरणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवरून) पुसलेलं मात्र सहसा परत येत नाही, कारण मोकळी जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते.

मग बॅकअप कसा घ्यायचा?

तीन प्रती, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरी. माझी तिसरी प्रत मडगावला बहिणीकडे असते. कॉपी करायला फ्रीफाइलसिंक वापरतो. त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ यांतला फरक समजून घ्या. मिरर केलं की मूळ ठिकाणी पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. अपडेट फक्त नवं आणि बदललेलं नेतं, पुसत काही नाही. नवख्या माणसाने अपडेटच ठेवावं. बाहेरची डिस्क पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

संगणक हळू झालाय. क्लीनर घालू?

नको. रजिस्ट्री साफ करणारी, वेग वाढवणारी, ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअर मी कोणालाच सुचवत नाही. नावाजलेलंही असलं तरी धोका असतो : २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती. संगणकाच्या मुळाशी हात घालणारी गोष्ट गरजेशिवाय आत घेऊ नये.

त्याऐवजी टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप या खणात जा आणि सुरू होताना आपोआप उठणारी नको ती मंडळी बंद करा. खोलात जायचं असेल तर ऑटोरन्स आहे. ते मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो संच विकत घेतला, आजही फुकट देते. डिस्क भरली असेल तर विझट्रीने कोणतं फोल्डर किती जागा खातंय ते बघा. बहुतेक वेळा व्हॉट्सॲपचे व्हिडिओ सापडतात. आणि संगणकात अजून जुनी फिरती डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या. तो एक खर्च केला की वेगाची तक्रार उरत नाही.

अँटिव्हायरस?

विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरतो. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका.

करंट जातो आणि लिहिलेलं जातं.

विजेचा कडकडाट सुरू झाला की तार भिंतीतून काढा, त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. लिहिलेलं वाचवायला मात्र इलाज आहे. लिबरऑफिस दर १० मिनिटांनी सुटका-प्रत ठेवतं; पर्यायांत जाऊन ते दोन मिनिटांवर आणा. नोटपॅड प्लस प्लस तर सेव्ह न केलेलं पानही दर सात सेकंदांनी बाजूला लिहून ठेवतं. जून महिन्यात मी लांब मजकूर आधी तिथेच लिहितो.

पासवर्ड वहीत लिहिलेत. चालेल?

घरात कुलपात असलेली वही वाईट नाही. एकच पासवर्ड सगळीकडे वापरणं त्याहून वाईट. कीपासएक्ससी घ्या. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल तुमच्याच संगणकावर असते. तिचा मुख्य पासवर्ड विसरलात तर कोणीही उघडून देऊ शकत नाही. तेवढा एक वहीत लिहून कपाटात ठेवा, आणि घरातल्या एका माणसाला जागा सांगून ठेवा.

विंडोज १० चा पाठिंबा संपला. जुना संगणक भंगारात काढू का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला तो संपला, आणि अनेक चांगल्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही चिप लागते. भंगारात काढू नका. रुफस हे छोटं सॉफ्टवेअर घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली चढवा. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. आवडलं तर बसवा. बसवताना जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं, तेव्हा आधी बॅकअप. व्हीएलसी, लिबरऑफिस, ऑडॅसिटी, कीपासएक्ससी हे सगळं तिथेही चालतं. वाचनालयातले दोन संगणक मी असेच चालू ठेवले आहेत. मुलं त्यांवर अभ्यास करतात, आणि छपाई आमच्या जुन्या प्रिंटरवर पहिल्याच खटक्याला झाली.

ओळखीचा मुलगा महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून देतो म्हणतो.

घेऊ नका. क्रॅक चालवण्यासाठी तो आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगेल, तिथेच ओळखा. फोटो सजवायला गिंप आहे, लेखनाला लिबरऑफिस आहे.

यातलं काही मराठीत दिसतं का?

दिसतं. लिबरऑफिस, व्हीएलसी आणि ७-झिप यांचे मेनू मराठीत करता येतात. काही शब्द अवघडलेले आहेत, काही ठिकाणी इंग्रजी तसंच राहिलेलं आहे, कारण हे सगळं आपल्यासारख्याच लोकांनी वेळ काढून केलेलं काम आहे. ७-झिपचं मराठी भाषांतर तर एक साधी मजकुराची फाइल आहे. प्रोग्रॅमच्या फोल्डरात लँग नावाचं फोल्डर असतं, त्यात ती सापडेल. तिची एक प्रत काढा, नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा आणि वाचून बघा. पहिल्या पानावरच एखादा शब्द असा भेटेल की तुम्ही म्हणाल, आमच्याकडे याला वेगळं म्हणतात. तो शब्द मला रविवारी येऊन सांगा. मी यादी करतो आहे, ती पुरेशी झाली की बनवणाऱ्याकडे पाठवू.